गैरवर्तन सिद्ध झाले, म्हणून बडतर्फी न्याय्य ठरते का?

महाराष्ट्रातील दोन कारखान्यांत कामाच्या वेळी झोपलेले कामगार पकडले गेले. दोन्हीकडे चौकशी झाली, झोप सिद्ध झाली आणि कामगार बडतर्फ झाले. दोन्ही प्रकरणे सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली. कलर-केम कंपनीच्या प्रकरणात 1998 मध्ये न्यायालयाने सांगितले की, रात्रपाळीत झोपणे हे गंभीर गैरवर्तन खरेच. पण त्यासाठी नोकरीच काढून घेणे ही अपराधाच्या मानाने धक्कादायक वाटावी इतकी भारी शिक्षा आहे. भारत फोर्जच्या प्रकरणात 2005 मध्ये त्याच न्यायालयाने बडतर्फी कायम ठेवली. झोप तीच, राज्य तेच, मग निकाल उलटे का, हा प्रश्न कोणत्याही सामान्य वाचकाला पडेल आणि तो पडणे रास्तच आहे.

केंद्र सरकारने 21 नोव्हेंबर 2025 पासून चार कामगार संहिता लागू केल्या. तेव्हापासून नागपूरजवळच्या हिंगणा आणि बुटीबोरी औद्योगिक भागातील कामगार आणि लहान कारखानदार दोघेही मला विचारतात की, आता माणूस काढणे सोपे झाले का? मी नागपुरात बरीच वर्षे कंपन्यांच्या चौकश्यांमध्ये चौकशी अधिकारी म्हणून बसलो आहे. गैरवर्तनाबद्दल नोकरीवरून काढण्यापुरते बोलायचे तर मूळ कसोटी नव्या कायद्यानेही बदललेली नाही. ती कसोटी नेमकी काय आहे, हे मात्र अनेकदा खुद्द आदेशावर सही करणाऱ्यालाही माहीत नसते, असा माझा अनुभव आहे.

आधी चार शब्द

‘बडतर्फी’ म्हणजे गैरवर्तनाबद्दल शिक्षा म्हणून नोकरी संपवणे. तिच्यात नोटीसही मिळत नाही आणि नोटिशीच्या बदल्यात पगारही मिळत नाही. ‘सेवामुक्ती’मध्येही नोकरी संपते, पण कागदावर तो डाग तितका गडद नसतो. सरकारी नोकरीत तर बडतर्फ झालेल्या माणसाला पुढे सामान्यतः सरकारी सेवेचे दारच बंद होते. ‘निलंबन’ या शब्दाचा फार घोळ होतो. चौकशी संपेपर्यंत माणसाला कामापासून दूर ठेवणे ही शिक्षा नव्हे; त्या काळात त्याला निर्वाह भत्ता मिळतो, पहिले 90 दिवस वेतनाच्या निम्मा आणि त्यानंतर, विलंब त्याच्यामुळे झालेला नसेल तर, 75 टक्के. चौकशीनंतर शिक्षा म्हणून केलेले काही दिवसांचे निलंबन मात्र वेगळे. चौथा शब्द ‘स्थायी आदेश’. कारखान्यात कामाच्या वेळा, रजा, गैरवर्तन आणि शिक्षा यांविषयी जी लेखी नियमावली असते, तिला हे नाव आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळत असताना, 1946 साली, या नियमावलीचा कायदा झाला. त्याआधी कोणत्या चुकीला काय शिक्षा, हे मुकादमाच्या आणि मॅनेजरच्या मर्जीवर असे.

एक प्रश्न नव्हे, दोन प्रश्न

एका मे महिन्यातील प्रसंग सांगतो. एमआयडीसीतील एका कारखान्याच्या गेटवर, दुपारची पाळी सुटताना, एका मशीन ऑपरेटरच्या पिशवीत पितळेचा जुना बुश, म्हणजे फिरत्या दांड्याला आधार देणारी छोटी नळी, सापडला. अंगठ्याएवढा, एका बाजूने घासलेला. गेटपास नव्हता. आरोपपत्रात ‘कंपनीच्या मालमत्तेची चोरी’ असे लिहिलेले होते. चौकशीत तो माणूस माझ्यासमोर उभा राहून म्हणाला, ‘‘भंगारातला होता जी, साहेब. घरच्या कूलरच्या पंख्याचा बुश घासला होता.’’ झडती घेणाऱ्या रखवालदाराने उलटतपासणीत कबूल केले की, बुश डब्यात लपवलेला नव्हता, डब्याच्या शेजारी पिशवीत उघडा पडलेला होता. तरीही परवानगीशिवाय वस्तू बाहेर नेली जात होती, हे सिद्धच होते आणि मी अहवालात तसे लिहिले.

अहवाल दिला त्या दिवशी व्यवस्थापनाने मला विचारले, ‘‘म्हणजे काढायला हरकत नाही ना?’’ सगळा घोटाळा या प्रश्नात आहे. चौकशी अधिकारी पहिल्या प्रश्नाचे उत्तर देतो, म्हणजे आरोप सिद्ध झाला की नाही. किती शिक्षा द्यायची हा दुसरा प्रश्न असतो, तो शिक्षा देणाऱ्या अधिकाऱ्याचा असतो आणि त्याला स्वतंत्र विचार करावा लागतो. पहिल्याचे उत्तर ‘होय’ आले की दुसऱ्याचे उत्तर ‘बडतर्फी’ असे आपोआप येत नाही. त्या प्रकरणात निघालेल्या आदेशात मात्र एकच ओळ होती : ‘गैरवर्तन सिद्ध झाले असल्याने आपणास सेवेतून बडतर्फ करण्यात येत आहे.’ त्या माणसाची 17 वर्षांची नोकरी, तिच्यात उशिरा आल्याबद्दलची एकमेव ताकीद, बुशची भंगारातली किंमत, यांपैकी कशाचाही उल्लेख नव्हता.

आपल्याकडच्या संत्र्याच्या बागेत दरवर्षी बहाराची फळे काढून झाल्यावर सल काढतात, म्हणजे वाळलेल्या फांद्या छाटतात. बुंध्यावर डिंक्या, म्हणजे डिंक गळण्याचा रोग, दिसला तर रोगट साल खरवडून बोर्डो मलम लावतात. झाड मुळासकट काढायची वेळ मूळच सडल्यावर येते. फांदी वाळली आहे हे सगळ्यांना दिसत असते, त्याबद्दल वाद नसतो. पण तेवढ्यावर कोणी जाणता बागाईतदार झाडाला कुऱ्हाड लावत नाही, आधी मूळ तपासतो.

नियमांतील यादी म्हणजे दरपत्रक नव्हे

‘‘स्थायी आदेशात चोरीला बडतर्फी लिहिलेली आहे,’’ असे मला अनेकदा ऐकवले जाते. आदेश उघडून वाचला तर तसे दिसत नाही. केंद्राच्या आदर्श स्थायी आदेशांत गैरवर्तनाची एक यादी आहे : चोरी, अफरातफर, जाणूनबुजून केलेली आज्ञाभंगाची कृती, लाच, मालमत्तेचे हेतुपुरस्सर नुकसान, दंगामस्ती, नेहमीची गैरहजेरी, नेहमीचा उशीर, कामातील नेहमीचा हलगर्जीपणा, वगैरे. या साऱ्या यादीसाठी कलम सांगते की, दोषी कामगाराला एका वेळी जास्तीत जास्त 4 दिवस निलंबित करता येईल किंवा बडतर्फ करता येईल. चार दिवसांचे निलंबन आणि कायमची बडतर्फी ही दोन्ही टोके एकाच यादीला लावलेली आहेत. याचा अर्थ, कोणत्या चुकीला कोणते टोक लागू करायचे, हे नियमाने मुद्दाम मोकळे सोडले आहे.

त्याच नियमावलीत पुढे स्पष्ट बंधन आहे की, शिक्षा ठरवताना गैरवर्तनाचे गांभीर्य, कामगाराची पूर्वीची सेवा आणि अपराध सौम्य किंवा गंभीर करणारी अन्य परिस्थिती विचारात घेतलीच पाहिजे. यादीतील विशेषणेही नीट वाचण्यासारखी आहेत. ‘उशीर’ असे लिहिलेले नाही, ‘नेहमीचा उशीर’ असे लिहिले आहे. ‘आज्ञाभंग’ नव्हे, ‘जाणूनबुजून आज्ञाभंग’. शिक्षेचे प्रमाण मूळ कलमाच्या शब्दांतच भरलेले आहे. कायदा पाठ असलेली माणसे नेमके हे शब्द गाळून पुढे जातात, याचे मला वाईट वाटते.

तराजूत काय काय पडते

पहिले वजन कृत्याच्या स्वरूपाचे. अपघाताने झालेली चूक, निष्काळजीपणा आणि ठरवून केलेला अप्रामाणिकपणा या तीन वेगळ्या गोष्टी आहेत, त्यांचे नुकसान रुपयांत सारखे असले तरी. विनापरवाना गैरहजेरीच्या बाबतीत तर सर्वोच्च न्यायालयाने 2012 मध्ये सांगितले की, माणूस आवाक्याबाहेरच्या कारणामुळे येऊ शकला नसेल तर ती गैरहजेरी हेतुपुरस्सर म्हणता येत नाही, आणि हेतू नसेल तर ते गैरवर्तनच ठरत नाही. दवाखान्यात भरती असलेल्या माणसाला ‘न कळवता राहिला’ म्हणून काढणारे आदेश मी पाहिलेले आहेत, म्हणून हे मुद्दाम सांगतो.

दुसरे वजन पदाचे. बॉयलरवरचा माणूस झोपला तर जीव जाऊ शकतात. पॅकिंगच्या टेबलावरचा झोपला तर खोकी उशिरा भरली जातात. रोखपालाकडून दहा रुपयांचा हिशेब लागला नाही तर त्याच्या कामाचा पायाच हलतो. त्यामुळे ‘अमुक चुकीला अमुक शिक्षा’ असा तक्ता करायला गेले की तो पहिल्याच आठवड्यात मोडतो.

तिसरे वजन पूर्वीच्या नोकरीचे, आणि सुरुवातीच्या दोन निकालांची गाठ बरीचशी इथेच सुटते. भारत फोर्जमधील कामगार 26 ऑगस्ट 1983 रोजी सकाळी 11 वाजून 40 मिनिटांनी, म्हणजे भर दिवसपाळीत, कामाच्या जागी लोखंडी पत्र्यावर गाढ झोपलेला आढळला. त्याआधी तीन वेळा तो गैरवर्तनाबद्दल दोषी ठरला होता आणि प्रत्येक वेळी सौम्य शिक्षा देऊन त्याला सुधारण्याची संधी दिलेली होती. सौम्य शिक्षेचा उपयोग झाला नाही असे मालक कागदावर दाखवू शकत होता, आणि खालच्या न्यायालयाने बडतर्फी ‘कठोर’ म्हणताना त्याची पटतील अशी कारणे दिलेली नव्हती. माणसाची झोप एकटी तोलायची नसते, तिच्या मागचे आणि पुढचे सारे काही तिच्यासोबत तोलायचे असते.

पूर्वीच्या नोंदींबाबत एक अट आहे. जुन्या चुका शिक्षेसाठी धरायच्या असतील तर तसे त्या माणसाला आधी सांगावे लागते, म्हणजे त्याला त्यावर उत्तर देता येते. सर्वोच्च न्यायालयाने हे 1960 च्या दशकातच एका सरकारी कर्मचाऱ्याच्या प्रकरणात स्पष्ट केले. कपाटातून जुनी फाइल काढून थेट शेवटच्या आदेशात तिचे दाखले देणे चालत नाही.

चौथे वजन समानतेचे. एकाच घटनेत दोघे असतील, आणि कमी भूमिका असणाऱ्याला काढून मोठी भूमिका असणाऱ्याला किरकोळ शिक्षा दिली असेल, तर ती शिक्षा टिकत नाही. 2013 च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगितले. बुशच्या प्रकरणात मला नंतर समजले की, त्याच कारखान्यातील एका सुपरवायझरने आदल्या वर्षी थिनरचा डबा घरी नेला होता आणि त्याला लेखी समज देऊन विषय मिटवला होता. कामगार अशा गोष्टी विसरत नाहीत. शिक्षा झालेल्यापेक्षाही बाकीच्या दोनशे जणांच्या मनात काय बसते, याचा विचार व्यवस्थापनाने करायला हवा.

‘रक्कम लहान असो की मोठी, चोरी ती चोरीच ना?’

हा आक्षेप सर्वांत जोरदार आहे आणि तो चुकीचा म्हणून उडवून लावता येणार नाही. एसटीने फिरणाऱ्या प्रत्येकाला बस कंडक्टरचे काम ठाऊक आहे. दिवसभर शेकडो लोकांकडून सुटे पैसे घ्यायचे, त्या वेळी साहेब शेजारी नसतो. कर्नाटकातील एका कंडक्टरने 35 प्रवाशांकडून प्रत्येकी 2 रुपये 25 पैसे घेतले आणि 1 रुपया 75 पैशांची तिकिटे दिली. प्रवाशामागे पन्नास पैशांचा प्रश्न, तरी सर्वोच्च न्यायालयाने 2001 मध्ये त्याची बडतर्फी कायम ठेवली. दुसऱ्या एका प्रकरणात कंडक्टरकडे हिशेबाबाहेरचे 93 रुपये सापडले होते. तिथेही न्यायालयाने सांगितले की, अफरातफर सिद्ध झाली की रक्कम किती हा मुद्दा गौण असतो आणि महत्त्व विश्वास गमावण्याला असते.

शितावरून भाताची परीक्षा हा न्याय इथे लागू होतो, कारण कंडक्टरला पन्नास पैशांचा मोह झाला, तर त्याच्या हातातली सारी थैलीच संशयात येते. पण हाच न्याय आंधळेपणाने सगळ्यांना लावता येत नाही. ज्याच्या कामाचा गाभाच दुसऱ्याचे पैसे सांभाळणे आहे, त्याच्याबाबत लहान रक्कमही मोठी ठरते. लेथवर उभा राहणारा माणूस भंगारातला घासलेला बुश उघड्या पिशवीत नेतो, त्याने नियम मोडला आहे आणि त्याला शिक्षा झालीच पाहिजे. परंतु त्यामुळे तो लेथवर विश्वासाने उभा राहू शकणार नाही, असे म्हणायला आणखी काही तरी आधार लागतो. ‘विश्वास उडाला’ हे शब्द आदेशात लिहिणे सोपे असते, तो का उडाला ते लिहावे लागते.

शिवीगाळीचे दोन निकाल

तोंडाने केलेल्या गैरवर्तनात हा फरक आणखी स्पष्ट दिसतो. 1982 मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे उत्तर प्रदेशातील एक कामगार होता. वरिष्ठाशी धमकीवजा, अविचारी भाषा वापरली म्हणून त्याला काढले होते. त्याची 14 वर्षांची नोकरी निष्कलंक होती. न्यायालयाने बडतर्फी रद्द करून दोन वेतनवाढी रोखण्याची शिक्षा दिली. उलट 2005 मध्ये, महिंद्र अँड महिंद्र कंपनीतील कामगाराने वरिष्ठाला अत्यंत अश्लील शिव्या दिल्याच्या प्रकरणात, कामगार न्यायालयाने त्याला परत घ्यायला सांगितले असूनही सर्वोच्च न्यायालयाने बडतर्फीच योग्य ठरवली. शिक्षा कमी करण्याचा अधिकार न्यायालयाला आहे, पण तो दयेपोटी मनमानी वापरण्यासाठी नाही, शिक्षा कमी करायला नोंदीत दिसणारे कारण हवे, हे त्या निकालाचे सार.

रागाच्या भरात तोंडातून गेलेला शब्द आणि समोरच्याला चारचौघांत पाणउतारा करण्यासाठी वापरलेली भाषा यांत फरक आहे. आपल्या वऱ्हाड-नागपूरकडे बोलण्यात रांगडेपणा असतो, तो सवयीचा असतो. म्हणून मी चौकशीत नेहमी साक्षीदाराला नेमके शब्द विचारत असे, ‘अपशब्द वापरले’ एवढ्या वाक्यावर समाधान मानत नसे. नेमके शब्द, त्याआधी काय झाले आणि कोणी ऐकले, हे नोंदवल्याशिवाय वजन करायचे कशाचे?

‘कारखाना मालकाचा, मग शिक्षा न्यायालयाने का ठरवायची?’

सुरुवातीला न्यायालयांनी हे बऱ्याच अंशी मान्य केले होते. 1958 मध्ये इंडियन आयर्न अँड स्टीलच्या प्रकरणात ठरले की, मालकाचा हेतू वाईट असेल, सूडबुद्धी असेल, चौकशीत नैसर्गिक न्याय (म्हणजे निःपक्षपणे बाजू ऐकून घेणे) पाळला नसेल किंवा निष्कर्षाला पुरावाच नसेल, तरच कामगारांचे तंटे ऐकणाऱ्या न्यायाधिकरणाने मध्ये पडावे. पण शिक्षाच एवढी भयंकर असेल की कोणताही समंजस मालक ती देणार नाही, तेव्हा काय? हिंद कन्स्ट्रक्शन कंपनीच्या प्रकरणात 1 जानेवारी रविवारी आला म्हणून कामगार सोमवारी, 2 तारखेला कामावर आले नाहीत आणि कंपनीने त्यांना बडतर्फ केले. सर्वोच्च न्यायालयाने 1965 मध्ये सांगितले की, इतकी विपरीत शिक्षा हाच सूडबुद्धीचा पुरावा धरता येतो.

मग 1971 मध्ये औद्योगिक विवाद कायद्यात कलम 11-अ आले आणि चित्र बदलले. आता बडतर्फी योग्य नाही असे वाटले तर न्यायाधिकरण तिच्या जागी सौम्य शिक्षा देऊ शकते. मात्र आधीच नोंदीवर असलेल्या कागदांवरूनच, नवा पुरावा न घेता. त्याच वर्षी महाराष्ट्राने अनुचित कामगार प्रथांविरुद्ध स्वतःचा कायदा केला. किरकोळ किंवा तांत्रिक गैरवर्तनासाठी, कामगाराचे पूर्वीचे काम न पाहता, धक्कादायक वाटेल इतकी शिक्षा देऊन काढणे हीच त्यात अनुचित प्रथा ठरवली आहे.

सरकारी कर्मचाऱ्यासाठी कसोटी अधिक कडक आहे. उच्च न्यायालय किंवा प्रशासकीय न्यायाधिकरण शिक्षा सहसा बदलत नाही; शिक्षा ऐकून न्यायालयाच्या सदसद्विवेकाला धक्का बसला तरच बदलते. 1987 मध्ये लष्करातील एका सिग्नलमनच्या प्रकरणात असा धक्का बसला होता. कोठडीत असताना ‘जेव’ हा हुकूम त्याने पाळला नाही म्हणून त्याला एक वर्षाचा कारावास आणि बडतर्फी दिली होती, आणि ती देणाऱ्या मंडळात त्याने ज्याच्याविरुद्ध तक्रार केली तोच अधिकारी बसलेला होता.

मालकाचा अधिकार यात हिरावला जात नाही. शिक्षा देण्याचा पहिला हक्क त्याचाच राहतो; मात्र ज्या निर्णयाने एका घराची चूल बंद होऊ शकते, त्याची कारणे त्याने दाखवली पाहिजेत, एवढीच अपेक्षा आहे. हा फार मोठा बोजा आहे असे मला वाटत नाही.

‘असे लोक परत येऊ लागले तर शिस्त राहील का?’

बडतर्फी रद्द झाली म्हणजे माणूस निर्दोष सुटला, असा समज दूर व्हायला हवा. बहुतेक वेळा वेतनवाढ रोखली जाते, पद खाली आणले जाते किंवा मधल्या काळातले वेतन पूर्ण मिळत नाही. महाराष्ट्रातीलच एका शिक्षिकेच्या प्रकरणात 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, बेकायदा काढलेल्या व्यक्तीला परत घेताना मागील वेतन देणे हा सामान्य नियम आहे. पण कर्मचाऱ्याचा स्वतःचा दोष असेल तिथे ते कापले जाते, हा त्याच निकालाचा दुसरा भाग लोक विसरतात.

बुशवाल्या माणसाला कामगार न्यायालयाने सहा वर्षांनी परत घ्यायला लावले, निम्मे मागील वेतन दिले आणि दोन वेतनवाढी कायमच्या रोखल्या. दोन वेतनवाढी रोखण्याचा आदेश कंपनीने पहिल्याच दिवशी काढला असता तर सहा वर्षांचा खटला, निम्मे वेतन आणि एका चांगल्या ऑपरेटरचे हात, तिन्ही वाचले असते. शिस्त कशाने टिकते, हे ठरवताना ही बेरीजही मांडायला हवी.

बडतर्फीनंतर उपदानाचे काय होते

नोकरी गेली की उपदानही (ग्रॅच्युइटी) गेले, असे नाही. पूर्वीच्या 1972 च्या कायद्यानुसार आणि आता त्याच्या जागी आलेल्या सामाजिक सुरक्षा संहितेनुसारही, नुकसान केले असेल तर नुकसानीपुरतेच उपदान कापता येते. हिंसाचार किंवा नोकरीत असताना केलेला नैतिक अधःपतनाचा अपराध असेल तर पूर्ण किंवा काही अंशी जप्त करता येते. फेब्रुवारी 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एक निकाल दिला, ज्यातील एक पक्षकार आपल्या नागपुरात मुख्यालय असलेली वेस्टर्न कोलफील्ड्स होती. जप्तीसाठी फौजदारी न्यायालयाने दोषी ठरवणे आवश्यक नाही, असे त्यात ठरले. तरी न्यायालयाने सगळ्यांना एकच माप लावले नाही. जन्मतारखेचा खोटा दाखला देऊन मुळात नोकरीच मिळवली होती, तिथे पूर्ण जप्ती मान्य केली. एसटीच्या कंडक्टरांच्या प्रकरणांत जप्ती 25 टक्क्यांवर आणली. त्यांची बडतर्फी टिकली, पण त्यापुढच्या शिक्षेचेही प्रमाण पुन्हा मोजले गेले.

नवी संहिता, लहान कारखाने आणि मुदती

चार नव्या संहितांपैकी औद्योगिक संबंध संहितेत स्थायी आदेशांची सक्ती 300 किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांनाच आहे. जुन्या केंद्रीय कायद्यात ही मर्यादा 100 होती. हिंगण्यातील अनेक कारखाने त्यामुळे या सक्तीबाहेर जातात. याचा अर्थ तिथे मनास येईल तसे काढता येते असा मात्र नाही. आरोप लेखी देणे, बाजू ऐकणे आणि शिक्षेचे कारण सांगणे ही अपेक्षा तिथेही राहते, आणि बडतर्फी बदलून सौम्य शिक्षा देण्याचा न्यायाधिकरणाचा अधिकार नव्या संहितेनेही कायम ठेवला आहे. निलंबित कामगाराची चौकशी साधारणपणे 90 दिवसांत संपवावी, हेही संहितेत आहे. कामगाराने लक्षात ठेवायच्या मुदती दोन : राज्याच्या 1971 च्या कायद्याखाली अनुचित प्रथेची तक्रार 90 दिवसांत, आणि संहितेखाली बडतर्फीचा वाद दोन वर्षांत, जी मुदत पूर्वी तीन वर्षे होती. व्यवस्थापकीय अधिकाऱ्यांना मात्र यातले बरेचसे संरक्षण नाही. त्यांना नेमणूकपत्रातील करारावर आणि दिवाणी न्यायालयावर अवलंबून राहावे लागते.

आणखी एक गोष्ट मी प्रत्येक कामगाराला आणि त्याच्या बचाव प्रतिनिधीला सांगतो. चौकशी अहवालाची प्रत मागून घेण्याचा हक्क आहे. 1993 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो मान्य केलेला आहे. अहवालानंतर बहुतेक ठिकाणी दुसरी नोटीस येते : प्रस्तावित शिक्षा का देऊ नये? तिला उत्तर देताना जवळजवळ सगळे पुन्हा ‘मी निर्दोष आहे’ एवढेच लिहितात. तेही लिहावे, पण त्याखाली हेही लिहावे की, आरोप सिद्ध धरला तरी माझी नोकरी इतक्या वर्षांची आहे, यापूर्वीची नोंद अशी आहे, नुकसान एवढेच झाले, आणि अशाच चुकीसाठी अमुक जणाला अमुक शिक्षा झाली होती. असे लिहिल्याने गुन्हा कबूल होत नाही. उलट पुढे न्यायालयाला नोंदीवर काहीतरी सापडते, कारण तिथे नवा पुरावा घेतला जात नाही.

बुशच्या फाइलमध्ये ते उत्तर अजून माझ्या डोळ्यांसमोर आहे. वहीच्या रेघांच्या पानावर, मुलाच्या वळणदार अक्षरात एकच वाक्य : ‘मी चोरी केलेली नाही, मला न्याय द्यावा.’ खाली वडिलांची सही. त्याच फाइलमध्ये कंपनीचा आदेशही एका ओळीचा होता. 17 वर्षांची नोकरी दोन्ही कागदांवर नव्हती. ती शेवटी कामगार न्यायालयाने, आधीच नोंदीवर असलेल्या कंपनीच्या हजेरीपत्रक आणि पगारपत्रकातून शोधून काढली.